‘द पॅराडाईन केस’ (१९४७) : बॅरिस्टर कीन खटला हरतो तो प्रेमामुळे, की वकिली चुकल्यामुळे?

चित्रोत्सुक यांचा प्रश्न

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘द पॅराडाईन केस’ हा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. हिचकॉक यांच्या चाहत्यांच्या गप्पांतही या चित्रपटाचे नाव क्वचितच निघते, आणि निघालेच तर ‘फसलेला’ म्हणून त्याची बोळवण होते. मला मात्र तो इतक्या सहजासहजी निकालात काढण्यासारखा वाटला नाही. विशेषतः त्यातील खटल्याविषयी काही शंका मनात राहिल्या आहेत, म्हणून हा धागा. पुढे शेवटासकट कथानक आले आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा.

अंध कर्नल पॅराडाईन यांना विष देऊन मारल्याच्या आरोपावरून त्यांच्या परदेशी, देखण्या पत्नीला लंडनमधील घरी अटक होते. सॉलिसिटर सर सायमन फ्लॅकर तिच्या बचावाचे काम अँथनी कीन या नामांकित बॅरिस्टराकडे सोपवतात. पहिल्या एक-दोन भेटींतच कीन तिच्यावर असा भाळतो की, ती निर्दोष आहे असे मनाशी ठरवून मोकळा होतो, आणि कर्नलचा खासगी नोकर आंद्रे लाटूर याच्याकडे संशयाची सुई वळवण्याचा घाट घालतो. लाटूरला यात ओढू नका, असे ती त्याला निक्षून सांगते. तो ऐकत नाही. उलटतपासणीत पुरता उघडा पडलेला लाटूर खटला चालू असतानाच आत्महत्या करतो, आणि त्यानंतर मिसेस पॅराडाईन साक्षीच्या पिंजऱ्यातूनच गुन्हा कबूल करते. लाटूर हाच आपला प्रियकर होता आणि त्याच्या मृत्यूला कीन जबाबदार आहे, हेही ती भर कोर्टात सुनावते.

आता माझ्या शंका. प्रेमात न पडलेला, थंड डोक्याचा वकील या बाईला फाशीपासून वाचवू शकला असता का? अशिलाने स्पष्ट मनाई केलेली असताना तोच मुद्दा कोर्टात मांडण्याची मुभा त्या काळच्या इंग्लंडमध्ये बॅरिस्टराला होती का? आणि शेवटी कीनची पत्नी गे त्याला ज्या सहजतेने पदरात घेते, ते आपणांस पटले का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कलमबहाद्दर यांचा प्रतिसाद

प्रश्न चांगला आहे. मी वकिलीच्या बाजूने उत्तर देतो. चित्रपटकलेविषयी इतर मंडळी लिहितीलच.

माझे स्पष्ट मत असे की, कीन केवळ प्रेमात पडल्यामुळे हरत नाही. प्रेमामुळे त्याला जे सिद्ध करण्याची गरजच नव्हती ते सिद्ध करण्याची हौस वाटू लागते, आणि तिथे तो हरतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (संसदेचे हे वरिष्ठ सभागृह तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करत असे) १९३५ साली वूलमिंग्टन खटल्यात निःसंदिग्धपणे सांगून ठेवले होते की, खुनाच्या आरोपात गुन्हा सिद्ध करण्याचा भार अथपासून इतिपर्यंत सरकार पक्षावरच असतो आणि बचाव पक्षाला केवळ रास्त शंका निर्माण करता आली तरी पुरते. कर्नल अंध होता, खचलेला होता, त्याने स्वतःच विष घेतले असेल ही शक्यता उघडी ठेवून कीनला स्वस्थ बसता आले असते. विष कोणी दिले, या प्रश्नाचे उत्तर देणे हे त्याचे काम नव्हते. परंतु त्याला ही बाई नुसती सुटायला नको होती. ती निष्कलंक ठरायला हवी होती. निष्कलंक ठरवायचे तर दुसरा कोणीतरी काळाकुट्ट रंगवावा लागतो, आणि त्यासाठी लाटूर आयताच समोर होता.

यात एक कायदेशीर धोकाही होता, ज्याची चित्रपटाच्या चर्चेत सहसा कोणी दखल घेत नाही. इंग्लंडमध्ये आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देण्याचा सरसकट हक्क मिळाला तो १८९८ च्या फौजदारी पुराव्याच्या कायद्याने. त्या कायद्यात आरोपीला एक ढाल दिलेली होती, ती अशी की त्याच्या पूर्वायुष्यातील वाईट वर्तनाविषयी सरकारी वकिलाला त्याची उलटतपासणी घेता येत नसे. मात्र बचाव पक्षाने सरकार पक्षाच्या साक्षीदाराच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, तर ती ढाल गळून पडण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. लाटूर हा सरकार पक्षाचा साक्षीदार आहे. मिसेस पॅराडाईनचे पूर्वायुष्य काही सोवळे नाही, आणि ते तिनेच कीनला तुरुंगात सांगितलेले आहे. अशा अशिलाला पुढे साक्षीला उभे करायचे असताना विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला खुनी ठरवायला निघणे म्हणजे स्वतःच्या हाताने तिच्या अंगावरचे चिलखत उतरवणे होय. कोणत्याही अनुभवी वकिलाने हा हिशेब आधी केला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे कीनची उत्तर इंग्लंडमधील कंबरलंडची सफर. तिथल्या पद्धतीनुसार साक्षीपुरावा गोळा करणे हे सॉलिसिटरचे काम, आणि बॅरिस्टराने ते कागदपत्र हाती घेऊन कोर्टात उभे राहायचे. साक्षीदारांना स्वतः जाऊन भेटणे हे बॅरिस्टराला वर्ज्य मानले जात असे. कीन मात्र पॅराडाईन दांपत्याच्या ग्रामीण भागातील हवेलीत जाऊन खोल्या धुंडाळतो, आणि रात्री मुक्कामाच्या खानावळीत भेटायला आलेल्या लाटूरशी एकांतात बोलतो. ही तपासणी आहे असे तो स्वतःला सांगत असेल. प्रत्यक्षात तो ज्या बाईने वेड लावले तिचे घर पाहायला गेलेला आहे.

आता मनाईविषयी. गुन्हा कबूल करायचा की नाही, स्वतः साक्ष द्यायची की नाही, हे निर्णय अशिलाचे; कोणत्या साक्षीदाराला काय विचारायचे हा तपशील बहुतांशी वकिलाचा. त्यामुळे लाटूरला एकही अडचणीचा प्रश्न विचारायचा नाही, असे बंधन घालून घेणे कीनला अवघडच होते. परंतु बचावाच्या मूळ दिशेवरच वकील आणि अशील यांचे जमत नसेल तर वकिलाने काम परत करावे, हा मार्ग त्याला मोकळा होता. तो ते करत नाही, कारण काम सोडले की तिच्या कोठडीचे दारही बंद होणार.

या निमित्ताने दोन जुने दाखले आठवतात. इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याने आपली पत्नी राणी कॅरोलाइन हिच्यापासून घटस्फोट मिळवण्यासाठी चालवलेल्या १८२० सालच्या प्रकरणात तिचे वकील ब्रूम यांनी असा सिद्धान्त मांडला होता की, वकिलाला साऱ्या जगात एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे त्याचा अशील, आणि त्याला वाचवताना इतरांचे काय होईल याची त्याने फिकीर करू नये. त्यानंतर वीस वर्षांनी, १८४० साली, लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाचा खटला उभा राहिला. आरोपी होता त्यांचा स्विस नोकर कुर्वाझिए. खटला निम्म्यावर आला असताना त्याने चार्ल्स फिलिप्स या आपल्या वकिलापाशी गुन्हा कबूल केला, परंतु बचाव मात्र पुढे चालवायला सांगितले. फिलिप्स यांनी तो चालवला, आणि घरातील निरपराध नोकरांवर संशय ढकलल्याचा ठपका त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. कीनची गंमत अशी की, तो ब्रूमच्या सिद्धान्ताचा आव आणतो, पण त्या सिद्धान्तातील मूळ अट मोडतो. त्याला अशील ठाऊकच नसते. त्याला ठाऊक असते ती त्याने मनात रचलेली एक बाई, आणि पिंजऱ्यातल्या बाईने तोंडाने सांगितलेले त्याच्या कानात शिरत नाही.

थोडक्यात, माझ्या मते ती वाचण्याची बऱ्यापैकी शक्यता होती. लाटूरला धक्का न लावणारा बचाव तिनेही शेवटपर्यंत साथ देऊन चालवला असता.

पडद्यामागून यांचा प्रतिसाद

कलमबहाद्दर यांनी कायद्याची बाजू उत्तम मांडली आहे. मला मात्र असे वाटते की, हिचकॉक यांना कायद्यात फारसा रस नव्हता आणि त्यामुळेच चित्रपटाचा तोल जातो. निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांना रॉबर्ट हिचन्स यांची १९३३ सालची कादंबरी बरीच वर्षे पडद्यावर आणायची होती. पटकथेवर श्रेय त्यांचे स्वतःचे आहे, आणि चित्रीकरण चालू असतानाही ते संवाद पुन्हा पुन्हा लिहून पाठवत राहिले. हिचकॉक यांच्या सेल्झनिकबरोबरच्या सात वर्षांच्या कराराखालील हा शेवटचा चित्रपट. दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता, हे पडद्यावर जाणवते. खर्च चाळीस लाख डॉलरच्या वर गेला आणि तिकीटबारीवर चित्रपट साफ आपटला.

पात्रनिवडीबद्दल हिचकॉक यांनी पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत आपली नाराजी लपवलेली नाही. तिशी नुकतीच ओलांडलेले अमेरिकन ग्रेगरी पेक त्यांना इंग्रज बॅरिस्टर म्हणून पटत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर लॉरेन्स ऑलिव्हिए किंवा रोनाल्ड कोलमन होते. त्याहून मोठी तक्रार लाटूरविषयी होती. देखण्या, सडपातळ लुई जुर्दाँ यांच्याऐवजी त्यांना रॉबर्ट न्यूटन यांच्यासारखा राकट, घोड्यांच्या पागेचा वास अंगाला येणारा माणूस हवा होता. आपण जिला देवी मानली ती अशा माणसाच्या मिठीत होती, हे कळल्यावर कीनसारख्या खानदानी गृहस्थाचा जो जळफळाट झाला असता, त्यावर त्यांना सारा चित्रपट तोलायचा होता. जुर्दाँ समोर आल्यावर कीनला धक्का बसायचे कारणच उरत नाही. उलट तिने याच्यावर प्रेम केले नसते तरच नवल, असे प्रेक्षकाला वाटते.

तरीही जुर्दाँच्या निवडीचा एक फायदा झाला, असे मला वाटते. हा लाटूर आपल्या अंध धन्यावर मनापासून माया करणारा आहे, आणि मालकिणीच्या मोहात पडून आपण त्याचा विश्वासघात केला ही बोच त्याला आतून पोखरत असते. कीन त्याला पिंजऱ्यात उभा करून जे खोदत जातो ते खुनाचे रहस्य नसून ही शरम आहे. राकट मोतद्दार कदाचित असा मोडून पडला नसता.

ज्यांना चित्रपट कंटाळवाणा वाटतो त्यांना मी लाटूरच्या कोर्टातील प्रवेशाचा एवढा एकच प्रसंग नीट पाहायला सांगेन. मिसेस पॅराडाईन आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेली आहे, चेहरा आपल्याकडे. तिच्या पाठीमागून लाटूर आत येतो आणि साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघतो. ती वळून पाहत नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्याभोवती हळूहळू फिरत राहतो, मागे लाटूर एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकतो, आणि तो आल्याचे तिला जणू मानेच्या मागून कळते आहे असे वाटते. हे एका दमात चित्रित झालेले नाही. आधी लाटूर कोर्टात येतो तेवढाच भाग चित्रित केला, मग तो पडद्यावर प्रक्षेपित करून त्याच्यासमोर मिसेस पॅराडाईन साकारणाऱ्या अलिडा वल्ली यांना फिरत्या स्टुलावर बसवले आणि कॅमेऱ्याच्या गतीला जुळेल असे वळवले. खटला काय आहे हे या काही क्षणांत जेवढे कळते तेवढे वकिलांच्या भाषणांतून कळत नाही. कीन त्याच दालनात बसलेला आहे आणि त्याला यातले काही दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे.

कोर्टाचे दालन म्हणजे लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाची हॉलिवूडमध्ये उभारलेली हुबेहूब प्रतिकृती होती आणि तिथे एकाच वेळी चार कॅमेरे लावून चित्रीकरण झाले. त्यामुळे प्रश्न विचारणारा, उत्तर देणारी आणि ऐकणारा न्यायाधीश यांच्या प्रतिक्रिया एकाच प्रवाहात मिळतात. शेवटी कीन खचून बाहेर पडतो तेव्हा मात्र कॅमेरा एकदम छताजवळून खाली पाहतो, आणि इतका वेळ दालनभर वावरणारा हा माणूस मुंगीएवढा दिसू लागतो.

शब्दसाक्षी यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु दोघांनीही गेच्या प्रश्नाला बगल दिली आहे, म्हणून लिहिते.

गे ‘सहजतेने पदरात घेते’ हे मला मान्य नाही. ॲन टॉड यांनी रंगवलेली ही स्त्री चित्रपटातील सर्वांत स्पष्ट विचार करणारी व्यक्ती आहे. नवरा हे काम सोडायला निघतो तेव्हा तीच त्याला सोडू नको म्हणते. त्यात त्यागाचा आव नाही, सरळ व्यवहार आहे. ती बाई फासावर गेली तर नवऱ्याच्या मनात ती जन्मभर तितकीच सुंदर राहील, आणि मेलेल्या सवतीशी कोणाला झुंजता येत नाही. ती सुटून बाहेर आली तर मात्र चार माणसांसारखी माणूस होईल, आणि मग बरोबरीचा सामना होईल. इतके रोखठोक बोलणारी पत्नी त्या काळच्या चित्रपटांत मला फारशी आढळलेली नाही. म्हणून शेवटी ती त्याला परत कामाला लागायला सांगते तेव्हा मला तो भाबडेपणा वाटत नाही. ज्या लढाईची तिला भीती होती ती होण्याआधीच संपली, कारण मिसेस पॅराडाईनने स्वतःच्या तोंडाने ती मूर्ती फोडली.

दुसरा मुद्दा न्यायाधीशाचा. चार्ल्स लॉटन यांचे लॉर्ड हॉरफिल्ड हे पात्र मला चित्रपटाची खरी किल्ली वाटते. खटल्यापूर्वीच्या मेजवानीत हॉरफिल्डची नजर गेच्या उघड्या खांद्यावर खिळते. कॅमेरा आपल्यालाही तो खांदा त्याच्याच नजरेने दाखवतो. मग तो तिच्या शेजारी येऊन बसतो आणि तिचा हात हातात घेतो. त्याची बायको लेडी सोफी हे पाहते आणि न पाहिल्यासारखे करते. कीनची ओढ आणि हॉरफिल्डची वासना यांत फरक आहेच, पण एकाच कोर्टात विग घालून समोरासमोर बसलेले हे दोन पुरुष बाईकडे पाहताना तिला ऐकत नाहीत, एवढे साम्य उरतेच. फरक असलाच तर असा की, कीनला आपण प्रेमात आहोत हे कबूल करायला लाज वाटते आणि हॉरफिल्डला कशाचीच वाटत नाही.

निकालानंतर हॉरफिल्ड पतिपत्नी जेवायला बसतात तो प्रसंगही विसरू नये. लेडी सोफी त्या बाईसाठी दयेची याचना करते, आणि न्यायाधीशमहाराज अक्रोडाची आणि मानवी मेंदूची ठेवण कशी सारखी असते यावर भाष्य करत असतात. एथेल बॅरीमोर यांना याच भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते. आज सहज उपलब्ध असलेल्या प्रतीत त्यांचे काम अगदी थोडे दिसते, याचे कारण चित्रपटाला नंतर लागलेली कात्री. पहिल्या खेळांच्या वेळी तो दोन तासांहून बराच मोठा होता. आता सर्वत्र मिळते ती प्रत दोन तासांच्या आतली आहे. कापले ते नेमके स्त्रियांचे प्रसंग, याचे मला वाईट वाटते. पेक यांची लांबलचक भाषणे कापली असती तरी चालले असते.

चित्रोत्सुक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शब्दसाक्षी यांनी गेविषयी लिहिलेले वाचून तिचा तो संवाद पुन्हा पाहिला. कॅमेरा आणि प्रकाशयोजना तिच्या चेहऱ्यावर ठेवून हिचकॉक यांनी तिला किती जागा दिली आहे, ते आता ध्यानात आले. कंबरलंडच्या हवेलीतील शयनगृहाविषयीही लिहायचे राहिले होते. पलंगाच्या डोक्याकडील भागावरच मिसेस पॅराडाईनचे चित्र बसवलेले आहे, आणि कीन खोलीत कुठेही गेला तरी त्या चित्राचे डोळे त्याचा पाठलाग करतात. कलमबहाद्दर म्हणतात ती ‘मनात रचलेली बाई’ तिथे अक्षरशः भिंतीला टेकून बसलेली दिसते.

एक शंका उरली आहे. आरोपीने साक्षीच्या पिंजऱ्यात गुन्हा कबूल केल्यावर आणि तिचा वकीलच कोर्टातून निघून गेल्यावर पुढचे कामकाज चालते कसे?

कलमबहाद्दर

चालते, कारण तिने साक्षीत दिलेली कबुली हा पुरावा आहे. तिने आरंभी दिलेला ‘गुन्हा नाकबूल’ हा जबाब त्यामुळे आपोआप बदलत नाही. निकाल ज्युरीलाच द्यावा लागतो, फक्त आता त्यांच्यापुढे विचार करण्यासारखे काही उरलेले नसते. वकिलाच्या जाण्यानेही खटला थांबत नाही. अशा खटल्यांत ज्येष्ठ बॅरिस्टराबरोबर कनिष्ठ वकील असायचा आणि उरलेले काम तो पुरे करू शकत असे.

शिक्षेबाबत मात्र हॉरफिल्ड यांच्या हाती काहीही नव्हते, आणि शब्दसाक्षी यांनी सांगितलेल्या जेवणाच्या प्रसंगाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये प्रौढ व्यक्ती खुनाबद्दल दोषी ठरली की न्यायाधीशाला फाशीच सुनवावी लागे. अपवाद फक्त गरोदर स्त्रीचा. दया दाखवण्याचा अधिकार गृहमंत्र्यांच्या सल्ल्याने राजाकडे होता. त्यामुळे लेडी सोफीची विनवणी कायद्याच्या दृष्टीने चुकीच्या दारात केलेली आहे, आणि हे हॉरफिल्डला पक्के ठाऊक असूनही तो तसे तिला सांगत नाही, उलट तिला आणखी डिवचतो. चित्रपट १९४७ च्या अगदी अखेरीस अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने फाशीची शिक्षा स्थगित ठेवण्याच्या बाजूने मत दिले. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले.